घरचं सीरम: एक पातळ होऊन तांबूस झालं, दुसऱ्याला तार सुटून वास येतोय

रंकाळ्याकाठी | १२ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वर्षभर मी चेहऱ्याला लावायचं सीरम घरीच करते. आधी नुसतं ग्लिसरीन आणि गुलाबपाणी होतं. धीर आला तशी नायसिनमाइड (व्हिटॅमिन बी-३), हायलुरॉनिक (ओलावा धरणारं आम्ल), व्हिटॅमिन सी अशा पावडरी मागवून काट्यावर मोजून करायला लागले. यंदा पहिल्यांदाच दुसऱ्या कुणासाठी केलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात नणंदेचं लग्न आहे आणि तिनं हौसेनं मागितलं. म्हणूनच जीव जास्त लागलाय.

पहिली बाटली: व्हिटॅमिन सी १० टक्के, हायलुरॉनिक १ टक्का, ग्लिसरीन ५ टक्के, बाकी पाणी. एकूण ३० ग्रॅम. केलं त्या दिवशी अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाट आणि स्वच्छ होतं. आज पाचवा दिवस. रंग कोऱ्या चहासारखा झालाय आणि दाटपणा पार गेलाय, ड्रॉपरमधून पाण्यासारखं गळतं. वास गोडूस, गुऱ्हाळावर काकवी उकळताना येतो तसा, आणि मागून नाण्याला हात लावल्यावर येतो तसला. बाटली तपकिरी काचेची आहे आणि फडताळात ठेवलेली, उजेड लागायचा प्रश्नच नाही.

दुसरी बाटली: परसातल्या कोरफडीचा गर मिक्सरमधून काढून गाळून घेतला, त्यात नायसिनमाइड ४ टक्के, दाट व्हायला झँथन गम, आणि टिकायला म्हणून व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूल फोडून घातल्या. फ्रिजमध्ये आठ दिवस झाले. आता बोट उचललं की तार सुटते, रंग फिकट गुलाबी झालाय, वर तेलाचे थेंब तरंगतात आणि नाकाजवळ नेलं तर ओलं फडकं तसंच राहिल्यासारखा वास येतो. फार नाही, थोडाच.

पहिल्या बाटलीत झँथन घालून दाट करता येईल का? आणि दुसरीत दोन थेंब गुलाबाचं अत्तर टाकलं तर चालेल का? सामान महागाचं आहे हो, टाकून द्यायला हात धजत नाही.

जास्वंद_७ | १२ एप्रिल, रात्री १०.०५

ताई मी पण व्हिटॅमिन सीचं असंच केलो होतो, मेडिकलमधल्या चघळायच्या गोळ्या कुटून. पहिल्याच दिवशी केशरी झालं आणि खाली पांढरा साका बसला. तोंडाला लावलं तर चिकट चिकट. तुमचं तरी चार दिवस टिकलं. बाटलीला वरनं चांदीचा कागद गुंडाळून बघा की.

प्रयोगवही | १२ एप्रिल, रात्री १०.५०

जास्वंद, त्या गोळ्यांत व्हिटॅमिन सीच्या जोडीला साखर, रंग, स्वाद आणि गोळी बांधायला लागणारी भुकटी असते. चिकटपणा साखरेचा, केशरी रंग रंगाचा आणि साका भुकटीचा. त्या गोळ्या खाण्यासाठीच ठेवा.

आता रंकाळ्याकाठी ताईंकडे. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. ताईंनी एक गोष्ट फार चांगली केलीय, ती सगळ्यांनी उचलावी: वास नुसता ‘वाईट’ म्हणून सोडला नाही. आपल्या भाषेत वासाला किती नेमके शब्द आहेत बघा. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास म्हणजे तेल हवेशी जोडलं जाऊन बिघडलं. आंबूस म्हणजे साखर किंवा पिठूळ काहीतरी आंबायला लागलं. कुबट, ओल्या फडक्यासारखा म्हणजे जिवंत काहीतरी वाढतंय, बहुतेक जंतू किंवा बुरशी. गोडूस, काकवीसारखा म्हणजे व्हिटॅमिन सी मोडतंय. या चार वासांची चार वेगळी कारणं आहेत आणि उपायही वेगळे. अत्तर टाकलं की ही चारही एकसारखी दिसायला लागतात आणि तपासाचं एकमेव साधन हातचं जातं. म्हणून अत्तराला माझा स्पष्ट नकार.

ताईंच्या पहिल्या बाटलीचा वास गोडूस आहे, म्हणजे जंतूंपेक्षा व्हिटॅमिन सीकडे बोट दाखवतो. पण पाच दिवसांत इतकं? अंधारात ठेवूनही? काहीतरी घाई करवतंय त्याला.

घाण्यावरचा | १३ एप्रिल, सकाळी ७.१५

पावडरच जुनी असंल. उघडून किती दिवस झाले?

रंकाळ्याकाठी | १३ एप्रिल, सकाळी ८.३०

पावडर महिन्यापूर्वीच आणली. कोरडी, पांढरी शुभ्र आहे, डबा घट्ट बंद. तिच्यातलंच जरासं पाण्यात ढवळून पाहिलं, काही रंग नाही.

औषधवाली | १३ एप्रिल, दुपारी १.२०

मी औषधनिर्माणशास्त्र शिकलेय आणि प्रयोगशाळेत काम करते. आधी दुसऱ्या बाटलीचं बोलते, कारण ते थांबवायचं आहे.

ताई, ती कोरफडीची बाटली आजच मोरीत ओता. थोडाच वास येतो म्हणून वापरत असाल तर आत्ताच थांबवा. नाकाला वास लागेपर्यंत जंतूंची संख्या खूपच पुढे गेलेली असते. विक्रीच्या सौंदर्यप्रसाधनांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात मर्यादा आहे ग्रॅममागे १०००, आणि डोळ्यांभोवती किंवा लहान बाळांसाठी असेल तर १००. वास सुटलेल्या गराची गोष्ट या आकड्यांच्या कितीतरी पलीकडची असते.

काय झालं ते सांगते, म्हणजे मन खट्टू होणार नाही. कोरफडीचा गर म्हणजे जवळपास सगळं पाणीच, त्यात थोडी साखरेच्या लांब साखळ्यांची चिकी. जंतूंना याहून चांगलं अंगण नाही. गर काढला की त्यातली विकरं (एन्झाइम) त्या साखळ्या तोडायला लागतात, आणि काही जंतू आपला स्वतःचा चिकट थर तयार करतात. तार सुटणं झँथनमुळेही होतं, झँथन थोडं जास्त झालं की लाळेसारखी तार येतेच. पण पहिल्या दिवशी नव्हती आणि आठव्या दिवशी आली, तर ती झँथनची नव्हे. गुलाबी रंग कोरफडीच्या सालीखालच्या पिवळ्या चिकाचा. तो चीक हवेनं तांबूस होतो आणि काहींच्या त्वचेला खाजही आणतो. पुढे कधी गर काढलात तर पान कापून १०–१५ मिनिटं उभं ठेवा, चीक निथळू द्या, मग धुऊन सोला. आणि तो गर त्याच दिवशी वापरा, साठवू नका.

व्हिटॅमिन ई हा सगळ्यांचाच गैरसमज. ती तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवते, जंतूंना काहीही करत नाही. शिवाय ती तेलात विरघळणारी, तुमच्या बाटलीत तेल मिसळायची सोयच नव्हती, म्हणून थेंब वर तरंगले. सुगंधी तेलांवरही टिकवण्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. आणि फ्रिज जंतूंना मारत नाही, त्यांचा वेग कमी करतो. पाणी आहे तिथे जंतू रोखणारं खरं प्रिझर्व्हेटिव्ह लागतंच.

तुम्ही कुणाच्या चेहऱ्यावर लावलंत का हे?

रंकाळ्याकाठी | १३ एप्रिल, दुपारी २.१०

मी स्वतः तीन दिवस लावलं. हनुवटीवर बारीक पुरळ आहे, मला वाटलं उन्हाचं. नणंदेला अजून दिलं नव्हतं, देवाची कृपा.

बाटली ओतली. खरं सांगते, वाईट वाटलं.

औषधवाली | १३ एप्रिल, दुपारी २.२५

वाटणारच. ३–४ दिवस नुसता सौम्य फेसवॉश आणि साधं मॉइश्चरायझर, बाकी काही नको. पुरळ वाढलं, पू धरला किंवा दुखायला लागलं तर अंदाज करत बसू नका, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात किंवा तुमच्या नेहमीच्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आता पहिली बाटली. पाणी कुठलं घेतलंत?

रंकाळ्याकाठी | १३ एप्रिल, दुपारी ३.००

नळाचंच, पण मी त्याची नीट काळजी घेतली. रात्रभर तांब्याच्या घागरीत ठेवलं, कारण तांब्यानं जंतू मरतात. मग सकाळी तांब्याच्याच पातेल्यात दहा मिनिटं उकळून, गाळून, गार करून घेतलं.

तिकटीवरची_काकू | १३ एप्रिल, दुपारी ३.४०

अगं बाई, मग ते कळकलं. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं तसं.

प्रयोगवही | १३ एप्रिल, सायंकाळी ५.३०

काकू, नमस्कार करतो तुम्हाला. मी काल रात्रभर विचार करत होतो आणि तुम्ही एका शब्दात सांगितलंत.

आपल्याकडे चिंच, आमसूल, ताक बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत ठेवायचं नाही हे प्रत्येक घरात माहीत होतं. पापाच्या तिकटीजवळ भांडी कल्हईला द्यायला मी आईबरोबर जायचो, कथलाचा तो चंदेरी हात फिरताना बघत उभा राहायचो. आंबट आणि तांबं यांच्यामध्ये कथलाचा पडदा, एवढंच त्याचं काम.

व्हिटॅमिन सी हे आम्लच आहे. पाण्यात उतरलेला तांब्याचा अगदी सूक्ष्म अंश त्याला पुरतो. तांबं स्वतः संपत नाही, ते नुसतं मध्यस्थी करतं: व्हिटॅमिन सीकडून इलेक्ट्रॉन घ्यायचे, हवेतल्या ऑक्सिजनला द्यायचे, परत मोकळं व्हायचं, परत घ्यायचे. म्हणून चिमूटभर तांबं सगळी बाटली बिघडवतं. लोखंडही हेच काम करतं, थोडं सावकाश.

पण ताई, उकळल्यानं पाण्यातलं तांबं जात नाही. पाणी आटतं, तांबं तिथेच राहतं, आणि तुम्ही तर उकळलंतही तांब्यात.

पिण्याच्या पाण्याची घागर मात्र चालू ठेवा. तिच्यात काही वाईट नाही. अडचण आंबटाशी गाठ पडल्यावरची आहे.

औषधवाली | १३ एप्रिल, रात्री ८.१५

सर आणि काकू, दोघांनाही धन्यवाद. मी एक धागा जोडते, कारण पहिल्या बाटलीचा ‘दाटपणा कुठे गेला’ हा प्रश्न उरलाच आहे आणि त्याचं उत्तरही तिथेच आहे.

हायलुरॉनिक म्हणजे साखरेची फार लांब साखळी. दाटपणा त्या लांबीमुळे येतो. पोहे आणि शेवया यांतला फरक धरा: लांब शेवया एकमेकींत अडकून गुंता होतो, त्यांचे तुकडे केले की गुंता सुटतो. तांबं आणि व्हिटॅमिन सी मिळून ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि त्यातून निघणारे मुक्त कण या साखळीवर घाव घालतात. साखळीचे तुकडे झाले की वजन तेवढंच राहतं, पण दाटपणा जातो. तुमच्या काट्यात चूक नव्हती, मोजमापही बरोबरच होतं.

म्हणून झँथन घालून दाट करणं म्हणजे बिघडलेल्याला बाळसं आणणं. रंग कोऱ्या चहासारखा झालाय म्हणजे आतलं व्हिटॅमिन सी बरंचसं गेलंय. त्याच्या मोडण्यातून जे पदार्थ बनतात त्यांतल्या एकानं कातडीला तात्पुरता तपकिरी डागही पडू शकतो. नवरीच्या चेहऱ्यासाठी नकोच.

पण मला अजून एक शंका आहे. तांब्यानं झालं हे खरं, तरी कोऱ्या चहापर्यंत पाच दिवसांत? पाण्यात व्हिटॅमिन सी विरघळल्यावर आंबटपणा बघितलात का? काही घातलंत का तो कमी करायला?

रंकाळ्याकाठी | १३ एप्रिल, रात्री ८.५०

आता सांगूनच टाकते. लावल्यावर फार झोंबलं, म्हणून पाव चमचा खायचा सोडा घातला. फसफसलं आणि मग झोंबायचं थांबलं. आंबटपणा मोजायची पीएच पट्टी नाही माझ्याकडे.

औषधवाली | १३ एप्रिल, रात्री ९.१०

हेच हवं होतं. झोंबलं म्हणून सोडा घालावासा वाटणं स्वाभाविक आहे, १० टक्के व्हिटॅमिन सीचा पीएच २ ते २.५ च्या आसपास असतो, आणि पीएचचा आकडा जेवढा लहान तेवढं जास्त आंबट. पण पाव चमचा म्हणजे सव्वा ग्रॅम तरी. तुमच्या ३ ग्रॅम व्हिटॅमिन सीला तो इतका जास्त झाला की पीएच ५ च्या घरात गेला असणार. तिथे दोन गोष्टी होतात: एक, व्हिटॅमिन सी फार लवकर ऑक्सिडाइज होतं, म्हणजे हवेनं बिघडतं. दोन, ते त्वचेत शिरत नाही. त्वचेत जायला पीएच ३.५ च्या खाली लागतो. म्हणजे झोंबणं गेलं तसं कामही थांबलं.

३० ग्रॅमच्या बाटलीला पीएच ३ च्या जरा वर आणायला साधारण ०.१५ ग्रॅम सोडा पुरतो. तोही एकदम नाही, कणाकणानं, दर वेळी पट्टी बुडवून. पट्टीशिवाय सोडा घालूच नका. आणि झोंबतच असेल तर १० टक्क्यांवरून ५ वर या, हा त्याहून शहाणा उपाय.

आजऱ्याचा_तांदूळ | १३ एप्रिल, रात्री १०.३०

मध्येच विचारतो, माफ करा. बायको आजरा घनसाळच्या तांदळाचं पाणी रात्रभर ठेवून त्यात ग्लिसरीन घालून लावते. पहिल्या दिवशी वास एवढा सुरेख असतो की बस्स. तिसऱ्या दिवशी आंबूस. हे आंबवलेलंच चांगलं असं ती म्हणते.

औषधवाली | १३ एप्रिल, रात्री १०.४५

दादा, घनसाळचा सुवास मला माहीत आहे, खरंच सुरेख. पण तो तांदळाचा असतो, तो उडून जातो आणि मागे पिठूळ पाणी उरतं. ते आंबणं आपल्या ताब्यात नसतं: इडलीचं पीठ आंबलं तर आपण ते वाफवतो, हे तसंच चेहऱ्यावर जातं. तांदळात असे काही जंतू असतात ज्यांची बीजं शिजवल्यावरही टिकतात. वहिनींना लावायचंच असेल तर रोजचं रोज करून उरलेलं झाडाला घालू दे.

घाण्यावरचा | १४ एप्रिल, सकाळी ६.५०

तेलाचं मी सांगतो, ते माझ्या रोजच्या कामातलं आहे. लोक घाण्याचं तेल नेतात, त्यात गुलाबाच्या पाकळ्या, हळकुंड, कडुनिंब घालून खिडकीत उन्हात ठेवतात आणि महिन्यानं म्हणतात खवट वास येतोय, तेल वाईट दिलं. ओल्या पाकळ्या घातल्या की तेलात पाणी शिरलं. ऊन लागलं की तेल हवेशी जोडलं जातं. जवसाचं तेल तर सगळ्यात आधी जातं, रंगारी लोक ते वाळतं म्हणूनच वापरतात. करडई, शेंगदाणा त्याहून बरं टिकतात. पाला-पाकळी घालायची तर कडकडीत वाळवून, सावलीत. आणि बाटली काठोकाठ भरा, वर हवा कमी ठेवा.

एक बारकी गोष्ट. ड्रॉपरचं रबर तेलात भिजलं की फुगतं आणि सगळ्या तेलाला रबराचा वास लागतो. तेल बिघडलं नसतानाही लोक फेकतात. बाटली आडवी ठेवू नका.

जास्वंद_७ | १४ एप्रिल, सकाळी ९.२०

काका ते रबराचं बरं सांगितला. माझ्या बदामतेलाला तसलाच वास आहे, मी टाकायलाच निघालो होतो.

ताई आणि एक. हायलुरॉनिक पाण्यात टाकलो की माशाच्या डोळ्यासारख्या गुठळ्या होतात, आत कोरडी पावडर तशीच. किती ढवळलं तरी जात नाहीत.

प्रयोगवही | १४ एप्रिल, सकाळी १०.००

जास्वंद, पिठलं करताना बेसन एकदम उकळत्या पाण्यात टाकलं तर काय होतं? तेच. पावडरच्या बाहेरच्या थरानं पाणी पिऊन साल धरली, आत पाणी पोचेना. पावडर आधी ग्लिसरीनमध्ये कालवून घ्या, ग्लिसरीनमध्ये ती फुगत नाही. मग ते पाण्यात सोडा आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. ढवळायची गरजच पडत नाही, सकाळी एकसारखं झालेलं असतं. झँथनलाही हीच रीत.

रंकाळ्याकाठी | १४ एप्रिल, रात्री ९.३०

दिवसभर तुमचं सगळं वहीत उतरवून काढलं. सर, माझी तयारी आहे. मला डोळ्यांनी बघायचंय. काकूंचं तांबं आणि माझा सोडा, दोन्ही एकदम झालेत, मग नक्की कुणी काय केलं? तीन लहान बाटल्या करते, तिघींतही सोडा नाही. ‘क’मध्ये घागरीचं उकळलेलं पाणी, अगदी आधीसारखंच. ‘ख’मध्ये मेडिकलमधलं इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणी. ‘ग’मध्ये काय घालू?

औषधवाली | १४ एप्रिल, रात्री ९.५५

‘ग’मध्ये तेच निर्जंतुक पाणी आणि त्यात डायसोडियम ईडीटीए ०.१ टक्के. हे धातूचे कण धरून ठेवतं, त्यांना मध्यस्थी करू देत नाही. इतकं थोडं काट्यावर येणार नाही, म्हणून १०० ग्रॅम पाण्यात ०.१ ग्रॅम विरघळवा आणि त्या पाण्यातून लागेल तेवढं घ्या.

बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणू नका. त्यात क्षार नसतात, पण ते निर्जंतुक नसतं आणि कॅनही कसल्या कसल्या जागी पडून असतात. आरओचं पाणीही नको, टाकीत ते कधीचं असतं सांगता येत नाही.

तिघींतही फेनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह ०.९ टक्के घाला. १ टक्क्याच्या वर जायचं नाही. ते पाण्यात सहज मिसळत नाही, तेलासारखा थेंब होऊन तळाला जातो. आधी ग्लिसरीनमध्ये मिसळून घ्या. आणि सोडियम बेंझोएट हे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह व्हिटॅमिन सीबरोबर वापरू नका, हे दोन एकत्र आले आणि धातूचा अंश मिळाला की थोडं बेंझिन (कर्करोग आणू शकणारं रसायन) तयार होऊ शकतं. सरबतांच्या बाबतीत हे माहीत झालेलं आहे.

बाटल्या, ड्रॉपर, चमचे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाळू द्या. वाळवायला फडकं लावू नका.

करवीर_बचतगट | १५ एप्रिल, दुपारी १२.४०

आमच्या गटातल्या बायका हे वाचतायत. आम्ही उटणं, साबण करतो. सीरम करून महाद्वार रोडला स्टॉल लावायचा विचार होता. किती खर्च येईल?

औषधवाली | १५ एप्रिल, दुपारी १.१५

ताई, खर्चाआधी परवाना. विकायला सौंदर्यप्रसाधन करायचं तर सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादन परवाना लागतो. घरच्या स्वयंपाकघरात केलेलं विकता येत नाही. हे नुसतं कागदासाठी नाही. वर जे कोरफडीचं झालं ते एका घरात झालं, एका चेहऱ्यावर झालं. पन्नास बाटल्या विकल्या असत्या तर? तुमचं कोरडं उटणं पाण्याच्या वस्तूपेक्षा कितीतरी टिकाऊ, पण विकण्याचा नियम त्यालाही आहे, साबणालाही. तेवढं आधी प्रशासनाच्या कार्यालयात विचारून घ्या.

करवीर_बचतगट | १५ एप्रिल, दुपारी २.००

समजलं. आधी कार्यालयात जाऊन येतो.

रंकाळ्याकाठी | १७ एप्रिल, सकाळी ८.००

काल सकाळी तिन्ही केल्या. जास्वंद, सरांची पिठल्याची रीत केली, एक गुठळी नाही. तिन्ही एकसारख्या, स्वच्छ, दाट. आत्ता २४ तास झाले, ‘क’ला लिंबाच्या सालीसारखा अगदी पुसट पिवळेपणा आहे असं मला वाटतंय. पांढऱ्या कागदावर ठेवून नवऱ्यालाही विचारलं, त्यानंही ‘क’कडेच बोट दाखवलं. त्याला कुठली काय ते सांगितलं नव्हतं.

रंकाळ्याकाठी | १९ एप्रिल, रात्री १०.१०

काल वळीव झाला, रात्री चार तास लाइट नव्हती. फ्रिजमध्ये ठेवलं असतं तर त्याचाही घोळ झाला असता, मी तिन्ही फडताळातच ठेवल्यात.

‘क’ पिवळी. आणि ड्रॉपरनं थेंब सोडला तर ‘ख’चा थेंब काचेवर टेकून राहतो, ‘क’चा ओघळतो. रंग चहासारखा व्हायच्या आधीच दाटपणा गेला! मी हे बघून अक्षरशः खुर्चीवरून उठले.

प्रयोगवही | १९ एप्रिल, रात्री १०.४०

ताई, तिन्ही बाटल्यांतून दहा-दहा थेंब पडायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि लिहून ठेवा. ड्रॉपर एकच घ्या, धुऊन वाळवून. दाटपणा मोजायची ही साधी, भरवशाची रीत आहे.

तिकटीवरची_काकू | २० एप्रिल, सकाळी ७.३०

माझी सून पण बसलीय वाचत. म्हणते आई, कल्हई म्हणजे काय. आता पोरींना कल्हईवाला बघायलाच मिळत नाही.

रंकाळ्याकाठी | २२ एप्रिल, रात्री ९.००

सहा दिवस. ‘क’ फिकट चहासारखी, पाण्यागत पातळ, काकवीचा वास यायला सुरुवात. पण पहिल्या वेळी पाचव्याच दिवशी कोरा चहा झाला होता, म्हणजे सोड्यानं घाई केली हे औषधवाली ताईंचं बरोबर. दाटपणा नेला तो तांब्यानंच, कारण सोडा नसतानाही तो गेला. ‘ख’ किंचित पिवळसर, दाटपणा आहे. ‘ग’ पहिल्या दिवशीसारखी. दहा थेंबांचं मोजलं: क ला ४ सेकंद, ख ला ११, ग ला १३.

औषधवाली | २२ एप्रिल, रात्री ९.३०

सुंदर केलंत. ‘ख’ आणि ‘ग’मधला फरक बघा: निर्जंतुक पाण्यातही, किंवा पावडरमधून, धातूचा माग थोडा येतोच.

‘ग’सुद्धा कायमची नाही. घरचं व्हिटॅमिन सी तीन-चार आठवड्यांचंच धरा, पिवळं गडद व्हायला लागलं की संपलं. आणि नणंदबाईंसाठी माझं मत वेगळं आहे. लग्नाला तीन आठवडे उरलेत. नवरीला व्हिटॅमिन सी नको, नवीन काहीही झोंबणारं आत्ता नको. नायसिनमाइड ४ टक्के, हायलुरॉनिक अर्धा टक्का, ग्लिसरीन ३ टक्के, ईडीटीए, फेनॉक्सीइथेनॉल, बाकी निर्जंतुक पाणी. हे पीएच ६ च्या आसपास ठेवा, आंबट काही मिसळू नका, नाहीतर नायसिनमाइडपासून निकोटिनिक आम्ल होऊन चेहरा लाल होऊ शकतो. कोरफड नाही. उन्हाळ्यात ग्लिसरीन ५ टक्के चिकट लागतं म्हणून ३ केलंय. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघायचं. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात काहीही पहिल्यांदा लावायचं नाही.

रंकाळ्याकाठी | २४ एप्रिल, रात्री ८.२०

केलं. १५ ग्रॅमची एकच बाटली, तारीख आणि सामान लिहून चिठ्ठी डकवली. काल संध्याकाळी नणंद आली तेव्हा तिच्या कोपराला माझ्याच हातानं लावलं. तिला तिन्ही जुन्या बाटल्या ओळीनं मांडून दाखवल्या आणि सगळी गोष्ट सांगितली. ती ‘क’ हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, वहिनी, माझ्या रुखवतात आईनं ती तांब्याची भांडी काढून ठेवलीत ना, त्यांना कल्हई करून देशील?

काकू, पापाच्या तिकटीला अजून कुणी कल्हईवाला बसतो का?

तिकटीवरची_काकू | २४ एप्रिल, रात्री ९.०५

उद्या सकाळी जाऊन बघून येते आणि कळवते.